एकास बहात्तर

विमानांची प्लास्टिकची मॉडेल्स बनवणाऱ्या माणसाला ऑफिसात पहिला प्रश्न येतो तो "हे उडतं का रे?" नाही म्हटलं की दुसरा, "मग करायचं काय त्याचं?" तिसरा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. खोक्यावर एका कोपऱ्यात १:७२ असं छापलेलं असतं. हे बहात्तरच का? पन्नास का नाही? शंभर का नाही?

मेट्रिक पद्धतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा आकडा म्हणजे जुन्या कोडमध्ये सापडणारा मॅजिक नंबर वाटतो. कोणीतरी कधीतरी ७२ लिहून गेलाय, शेजारी कॉमेंट नाही, आणि हात लावायची कोणाची हिंमत नाही. मग मी या आकड्याच्या मागे लागलो. आणि मंडळी, या खेळण्याचा इतिहास मला वाटला होता त्यापेक्षा बराच गंभीर निघाला. आजचा लेख त्याबद्दल.

सोपं उत्तर आधी सांगून टाकतो. सहा फूट म्हणजे ७२ इंच. त्यामुळे ७२ पट लहान केलं की सहा फुटी माणूस बरोब्बर एक इंचाचा होतो. विमानाच्या ड्रॉइंगवर मापं फुटांत असायची आणि हातातल्या पट्टीवर इंच, म्हणजे सहाने भागलं की झालं, तेही तोंडी. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, म्हणून मॉडेल सहा इंचांहून जरा जास्त. लँकेस्टर बॉम्बरचा १०२ फूट, म्हणून मॉडेल १७ इंच. एक तळहातावर मावतं, दुसऱ्यासाठी शोकेसचा अख्खा कप्पा रिकामा करावा लागतो, पण दोन्ही एकाच मापात असल्यामुळे शेजारी ठेवली की कोण किती मोठं ते कळतं.

हे माप रुजवलं ते ब्रिटनमधल्या जेम्स हे स्टीव्हन्स नावाच्या माणसाने. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने 'स्कायबर्ड्स' नावाने लाकडी आणि धातूच्या भागांची किट्स काढली, सगळी १:७२ मध्ये. त्याच सुमारास लंडनमध्ये 'इंटरनॅशनल मॉडेल एअरक्राफ्ट' ही कंपनी रबरबँडवर उडणारी खेळण्यातली विमानं विकत होती. त्यांचा ब्रँड फ्रॉग. बेडकाशी त्याचा संबंध नाही, 'फ्लाइज राइट ऑफ द ग्राउंड' याची ती आद्याक्षरं. १९३६ मध्ये याच कंपनीने पूर्ण प्लास्टिकची किट्स बाजारात आणली, जगातली पहिली, आणि मापही १:७२ घेतलं. ही विमानं उडणारी नव्हती, म्हणून मालिकेचं नाव ठेवलं 'पेंग्विन'. उडता न येणारा पक्षी! मार्केटिंगवाल्यांना विनोदबुद्धी असण्याचा काळ होता तो.

ते प्लास्टिक होतं सेल्युलोज अ‍ॅसिटेट. काही वर्षांनी वाकायचं. त्यामुळे त्या काळचं सरळ पंखांचं पेंग्विन आज हाती लागणं म्हणजे लॉटरीच.

पण माणूस एक इंचाचा होतो एवढ्यावर अख्खं जग एखादं माप स्वीकारत नाही. त्यासाठी युद्ध यावं लागलं.

* * *

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरच्या सकाळी, शत्रूची विमानं येताहेत अशी खबर आली. नॉर्थ वील्ड तळावरून ५६ व्या स्क्वॉड्रनची हरिकेन्स उडाली आणि हॉर्नचर्चवरून ७४ व्या स्क्वॉड्रनची स्पिटफायर्स. आकाशात एकही जर्मन विमान नव्हतं. स्पिटफायरवाल्यांना हरिकेन्स दिसली, ती जर्मन वाटली आणि त्यांनी त्यातली दोन पाडली. एक वैमानिक वाचला. दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरॉप, वाचला नाही. 'बार्किंग क्रीकची लढाई' या जराशा खोचक नावाने हा प्रसंग ओळखला जातो. ज्या स्पिटफायरचे आपण एवढे गोडवे गातो, त्याने युद्धात पाडलेली पहिली विमानं आपल्याच बाजूची होती.

आता हरिकेन आणि स्पिटफायर दोन्ही ब्रिटिश, दोन्हीत एकच मर्लिन इंजिन, दोन्ही वैमानिकांनी शेजारच्या तळांवर रोज पाहिलेली. तरीही घोटाळा झाला. कारण आकाशातलं विमान पोस्टरवरच्यासारखं दिसत नाही. ते उजेडाच्या विरुद्ध बाजूला असतं, तिरकं असतं, रंग कळत नाही, आणि बघणाऱ्याकडे फार तर दोन-तीन सेकंद असतात. दिसते ती फक्त काळी आकृती.

अमेरिकेतही तेच. ७ डिसेंबर १९४१ ला सकाळी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच रात्री 'एंटरप्राइज' या विमानवाहू जहाजाची सहा वाइल्डकॅट विमानं तिथे उतरायला आली. सकाळच्या माराने बिथरलेल्या तोफांनी आपल्याच विमानांवर आग ओकली. तिघं वैमानिक गेले.

म्हणून १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकन नौदलाने एक भन्नाट काम काढलं. शिक्षण खात्यामार्फत देशभरच्या शाळांना विनंती केली, की मुलांनी वर्गात लाकडाची मॉडेल विमानं बनवून द्यावीत. किती? पाच लाख. पन्नास प्रकारची विमानं, प्रत्येकाची दहा हजार. नौदलाने आराखडे आणि टेम्प्लेट्स पाठवली. मुलांनी कोरायचं, घासायचं, टेम्प्लेट लावून माप तपासायचं आणि शेवटी सगळं काळं रंगवायचं. मित्रराष्ट्रांची विमानं काळी आणि शत्रूचीही काळी. खिडकीबाहेर शत्रूचा धसका आणि आत बाकावर तेरा-चौदा वर्षांचा मुलगा जपानी झीरोच्या पंखाचं टोक सँडपेपरने गोल करतोय, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाही.

माप अर्थात १:७२. इथे तो मॅजिक नंबर कामाला आला. मॉडेल ३५ फुटांवर धरलं तर ३५ गुणिले ७२ म्हणजे २,५२० फूट. साधारण अर्धा मैल. म्हणजे एखाद्या हॉलच्या एका टोकाला मॉडेल टांगायचं, दुसऱ्या टोकाला तोफेची नेम धरायची गोल कडी लावून शिकाऊ सैनिकाला बसवायचं, आणि त्याला अर्ध्या मैलावरचं विमान जेवढं दिसलं असतं बरोबर तेवढंच ते दिसणार. मॉडेल फिरवा, तिरकं करा, "सांग, आपलं की त्यांचं?" आजच्या भाषेत सांगायचं तर माणसाच्या मेंदूसाठी बनवलेला हा ट्रेनिंग डेटासेट होता. पन्नास क्लासेस, प्रत्येकी दहा हजार नग, लेबलिंगला अख्ख्या देशातली शाळकरी पोरं.

ब्रिटनमध्येही फ्रॉगची कंपनी युद्धकाळात सैन्यासाठी अशीच ओळख पटवायची मॉडेल्स बनवत होती. पेंग्विन अचानक भरती झाला होता म्हणा ना.

* * *

रंगाची गोष्ट याला लागूनच येते. विमानाच्या पंखावर जी गोल खूण असते तिला राउंडेल म्हणतात. ब्रिटिश राउंडेलच्या मध्यभागी लाल ठिपका. अमेरिकन खुणेत पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी लाल ठिपका. आणि जपानची खूण म्हणजे अख्खी लाल तबकडी. घाईत, लांबून, घामाने डबडबलेल्या डोळ्यांना लाल गोल दिसला की बोट ट्रिगरवर जाणारच. मे १९४२ मध्ये अमेरिकनांनी ताऱ्यातला लाल ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांनीही १९४२-४३ मध्ये लाल रंग हद्दपार केला. गडद निळं वर्तुळ आणि मधे फिकट निळं, एवढंच ठेवलं. तिथे लढणाऱ्या भारतीय हवाई दलाच्या हरिकेन्स आणि व्हेंजन्स विमानांवरही हीच निळी खूण होती.

त्यामुळे कोणी भारतीय हरिकेनचं मॉडेल बनवून त्यावर लाल ठिपक्याचं राउंडेल लावलं, तर नेमकी कुठली आघाडी आणि कुठलं वर्ष, हे विचारायलाच हवं. अनेकांना हा मॉडेलवाल्यांचा किरकिरेपणा वाटतो. पण त्या ठिपक्यावर माणसं जगली-मेली आहेत.

स्वातंत्र्यानंतर आधी अशोकचक्राची खूण आली आणि १९५० पासून आजची, बाहेर हिरवा, मग पांढरा, मधे केशरी. रंगवताना किंवा डीकल निवडताना या केशरीकडे मी डोळ्यात तेल घालून बघतो. छपाईत तो लालकडे झुकला की सगळं ओंफस.

रंगाची आणखी एक गंमत आहे, आणि ती त्या ३५ फुटांशीच जोडलेली आहे. खऱ्या विमानाचा तंतोतंत रंग, अगदी त्याच डब्यातला, छोट्या मॉडेलला लावला तर तो जास्तच गडद आणि भडक दिसतो. खरं विमान आपण लांबून बघतो, मधे हवा असते, धूळ असते, तिने रंग फिका पडतो. म्हणून जाणकार लोक रंगात थोडा पांढरा किंवा करडा मिसळून तो मुद्दाम उतरवतात. बरोबर दिसण्यासाठी रंग थोडा चुकवायचा! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आधीचं अर्धं विमान पुन्हा बघितलं होतं. मग पातळ थर, एक वाळल्याशिवाय दुसरा नाही, पाण्यात भिजवून अलगद सरकवलेली डीकल्स, वरून मॅट वार्निश. शनिवार असा जातो. घरच्यांना थिनरच्या वासाचा त्रास होतो, त्यामुळे हा सगळा उद्योग बाल्कनीत चालतो.

* * *

युद्ध संपलं. काळी मॉडेल्स अडगळीत गेली. पण आकाशाकडे बघून विमानं ओळखणारी एक पिढी तयार झालेली होती आणि तिच्या हाताला आता काम नव्हतं. इथे निकोलस कोव्ह नावाचा हंगेरियन ज्यू निर्वासित येतो. हंगेरी, स्पेन, इटली असं करत करत तो लंडनला पोचला आणि १९३९ मध्ये त्याने हवा भरायची रबरी खेळणी बनवायचा कारखाना काढला. नाव ठेवलं एअरफिक्स. इंग्रजी 'ए' ने सुरू होणारं नाव म्हणजे व्यापारी डिरेक्टरीत सगळ्यांच्या वर. एसईओ काही आपल्या पिढीने शोधलेला नाही.

युद्धानंतर कोव्हने इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन घेतलं आणि कंगवे काढायला सुरुवात केली. एकेकाळी एअरफिक्स ही ब्रिटनमधली सगळ्यात मोठी कंगवे बनवणारी कंपनी होती! १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी त्यांनी ट्रॅक्टरचं छोटं मॉडेल बनवलं. जोडणीचा खर्च परवडेना, म्हणून पुढे ते सुट्या भागांत विकलं, जोडा तुमचे तुम्ही. १९५२ मध्ये वूलवर्थ्सच्या दुकानांसाठी 'गोल्डन हाइंड' हे जहाज आलं. किंमत दोन शिलिंगांतच बसवायची, म्हणून खोकं रद्द, साधी प्लास्टिकची पिशवी आणि वर कागदाची पट्टी. १९५३ मध्ये त्याच पिशवीत, त्याच किमतीत, १:७२ मधली स्पिटफायर आली.

ती स्पिटफायर कशी होती? खरं सांगायचं तर वाईट. ऑरोरा या अमेरिकन कंपनीच्या १:४८ मॉडेलवरून ती बेतलेली होती, त्यामुळे त्यांच्या चुकाही इकडे आल्या. बाजूवरची बीटी-के ही अक्षरंही खऱ्या कुठल्या विमानाची नव्हती. सरळ सरळ कॉपी-पेस्ट, बगसकट. पण पोरांनी ती डोक्यावर घेतली. पुढे एअरफिक्सने नवा साचा बनवून चांगली स्पिटफायर काढली, आणि मग एकामागून एक विमानांची रांगच लागली.

यामागचं अर्थकारण आपल्याला लगेच कळण्यासारखं आहे. पोलादाच्या साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने घुसवायचं, थंड करायचं, चौकटीला लटकलेले भाग बाहेर काढायचे. साचा बनवायला भरपूर पैसा आणि महिने लागतात. एकदा बनला की पुढचा प्रत्येक नग जवळजवळ फुकट. हे सॉफ्टवेअरच झालं की! पहिली कॉपी महाग, बाकी सगळ्या चिल्लर. म्हणून कंपनी बुडते पण साचा कोणी फेकत नाही. तो विकला जातो, भाड्याने जातो, दुसऱ्या देशात जातो. वापरून वापरून त्याच्या कडा झिजतात, फटींतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला फ्लॅश म्हणतात, तो पात्याने तासून काढायचा. पण विमान येतच राहतं.

एअरफिक्स १९८१ मध्ये बुडाली. ब्रँड आधी पॅलिटॉयकडे गेला, १९८६ मध्ये रंग बनवणाऱ्या हंब्रोलकडे, २००६ मध्ये हंब्रोलच बसली तेव्हा खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या हॉर्नबीकडे. आणि २०१० च्या दशकात एअरफिक्सच्या खोक्यांवर चक्क 'मेड इन इंडिया' छापलेलं असायचं. स्पिटफायर भारतात साच्यातून निघून जहाजाने इंग्लंडला जात होती. इतिहासाला आपल्यापेक्षा जास्त विनोद कळतो.

* * *

पण साच्यांच्या प्रवासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट फ्रॉगची आहे.

१९५५ मध्ये फ्रॉगने पॉलिस्टायरीनची किट्स सुरू केली होती. त्यांची खासियत म्हणजे आडवळणाची विमानं, जी एअरफिक्सवाले बनवायचे नाहीत. १९७१ मध्ये त्यांचा मालक, लाइन्स ब्रदर्स हा मोठा खेळणी समूह कोसळला. फ्रॉग डनबी-कोम्बेक्स-मार्क्स या कंपनीकडे गेली. या नव्या मालकाने सोव्हिएत युनियनशी करार केला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून फ्रॉगचे साचे तिकडे जायचे, तिथल्या कारखान्यांत माल काढायचा आणि 'नोवो' या नावाने पश्चिमेत विकायचा. शीतयुद्ध चालू असताना! स्पिटफायरचा पोलादी साचा, चालला लोखंडी पडद्यापलीकडे.

पण सगळे साचे गेले नाहीत. जर्मन, जपानी, इटालियन विमानं सोव्हिएत बाजूला नको होती. त्या युद्धात त्यांची दोन कोटींहून जास्त माणसं गेली होती. मेसरश्मिट त्यांच्या शाळकरी मुलांच्या हातात खेळणं म्हणून द्यायचं त्यांच्या मनात नव्हतं. ते साचे रेव्हेल कंपनीने घेतले. एका कपाटातले साचे असे दोन वाटांनी गेले, जिंकलेले पूर्वेला आणि हरलेले पश्चिमेला.

१९८० मध्ये डनबी-कोम्बेक्स-मार्क्सही बुडाली. करार संपला, पण साचे तर तिकडेच होते. मग मॉस्को, दोनेत्स्क आणि इतर ठिकाणच्या खेळण्यांच्या कारखान्यांनी ते वापरणं चालूच ठेवलं, या वेळी आपल्या पोरांसाठी, स्वस्त पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यांतून. अशी सोव्हिएत मुलांची एक अख्खी पिढी लंडनमध्ये जन्मलेल्या कंपनीची ब्रिटिश आणि अमेरिकन विमानं जोडत मोठी झाली. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं. साचे उरले. ईस्टर्न एक्सप्रेस, आर्क मॉडेल्स अशा रशियन कंपन्यांच्या खोक्यांतून ती विमानं पुन्हा बाजारात आली. मालक बुडाले, देश नाहीसा झाला, आणि साचा आपला दाबून प्लास्टिक ओकतोय. लेगसी कोडबद्दल तक्रार करताना मला हल्ली फ्रॉगची आठवण येते.

थोडं थांबून बघा. १९४२ मध्ये अमेरिकन शाळेत शत्रूचं विमान मुद्दाम बनवून घेत होते, कारण ते ओळखता आलंच पाहिजे. तीस-पस्तीस वर्षांनी सोव्हिएत युनियनने शत्रूचं विमान मुद्दाम नाकारलं, कारण ते पोरांना आवडता कामा नये. दोन्हींकडे एक गोष्ट मान्य आहे. पोरगं हाताने जे जोडतं, ते त्याच्या डोक्यात कायमचं बसतं. कुठली विमानं साच्यात जातात आणि कुठली जात नाहीत, हा प्रश्न म्हणूनच खेळण्यापुरता राहत नाही.

* * *

आता आपल्याकडे येऊ. नॅट घ्या. इंग्लंडच्या फॉलंड कंपनीचं इवलंसं फायटर, ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ विमान म्हणून घेतलंच नाही. भारताने घेतलं आणि बंगलोरला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, म्हणजे एचएएलमध्ये, बनवलंही. १९६५ च्या युद्धानंतर त्याला 'सेबर स्लेयर' हे नाव मिळालं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर सहा सेबर विमानं चालून आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊनच वर गेले आणि परतले नाहीत. भारतीय हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं.

आणि मॉडेलच्या जगात नॅट म्हटलं की कित्येक दशकं काय मिळायचं? एअरफिक्सचं दोन आसनी ट्रेनर. ब्रिटनच्या रेड अ‍ॅरोज या कसरती करणाऱ्या चमूचं लालभडक विमान. ते विमान वेगळं. पुढचा भाग वेगळा, पंख वेगळे, शेपटी वेगळी. ज्या एका आसनाच्या नॅटमध्ये बसून सेखों लढले, ते त्या खोक्यात नव्हतं. यात कोणाचा कट वगैरे नाही. साच्याचा खर्च निघायला गिऱ्हाईक लागतं आणि गिऱ्हाईक ब्रिटनमध्ये होतं. पण परिणाम असा, की जगभरच्या शेल्फांवर नॅट म्हणजे लाल रंगाचं, धूर सोडणारं, जत्रेतलं विमान. लढलेलं नॅट आकृती म्हणून कोणाच्या डोक्यात बसलंच नाही.

पुढे स्पेशल हॉबी या चेक कंपनीने एका आसनाचं नॅट आणि त्यावरून एचएएलने विकसित केलेलं 'अजीत', दोन्ही १:७२ मध्ये काढली. पंखांचा विस्तार जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर, डेबिट कार्डाहून थोडा जास्त. जोडायला कटकटीचं, भाग बारीक, पण ते आहे. मिळालं तर घ्या.

मिगचं तसं नाही. मिग-२१ ची मॉडेल्स पोत्याने मिळतात. आणि हे विमान तर आपल्या नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनायचं. माझ्या बाबांचे मावसभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणतो, १९७९ मध्ये तिथे लागले. मागच्या दिवाळीत ते घरी आले होते. शोकेसमधल्या एका मिगकडे सोफ्यावरूनच बघून म्हणाले, "हे बिस आहे ना रे?"

म्हटलं, "नाना, चष्मा तरी लावा. इतक्या लांबून कसं कळलं?"

"पाठ बघ की त्याची. एफएलची पाठ सडपातळ असायची. एम आलं तेव्हा जाड झाली, बिसला आणखी जाड. एफएल आमच्याकडे ओव्हरहॉलला यायची तेव्हा शेजारी शेजारी उभी असायची ना. दारातून सावली दिसली तरी कळायचं."

मग बराच वेळ ते मॉडेल हातात धरून बसले. पंख वर केला, खालून बघितलं, चाकाच्या कप्प्यात डोकावले. बाकी काही बोलले नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा त्यांनी टीव्हीवर तो कार्यक्रम पूर्ण बघितला, असं काकूंकडून कळलं.

आमच्या हॉलमध्ये सोफा ते शोकेस अंतर फार तर बारा फूट. गुणिले ७२ म्हणजे ८६४ फूट. नानांनी तेवढ्या अंतरावरून विमानाचा नुसता प्रकारच नाही, त्यातलं व्हेरिएंटही ओळखलं. १९४२ च्या त्या नौदलवाल्यांनी नानांना लगेच इन्स्ट्रक्टर नेमलं असतं.

तेव्हा "करायचं काय त्याचं?" या प्रश्नाला माझं उत्तर आता तयार आहे. ओळखायचं. मिग-२१ आता आकाशात दिसणार नाही, नॅट तर कधीच थांबलं. पाठीचा तो उंचवटा, पंखाचा तो कोन, राउंडेलच्या मध्यभागी नेमका कुठला रंग, हे ज्यांच्या डोळ्यांत आहे ती माणसं आता सत्तरीकडे आली आहेत. फोटो आहेत, व्हिडिओ आहेत, ते राहतीलच. पण स्वतःच्या हाताने घासून, जोडून, रंगवून बघितलेली आकृती जशी लक्षात राहते तशी फोटोतली राहत नाही, हे अमेरिकेच्या नौदलाला १९४२ मध्येच पटलं होतं.

सुरुवात करायची असेल तर महागडं काही घेऊ नका. १:७२ मधलं एक साधं, एका इंजिनाचं विमान, एक चांगलं कटर, एक बारीक ब्रश, सँडपेपर, गोंद, चार रंग, बस. गोंद जपून वापरा, तो चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून सांधतो. जास्त झाला तर विमानच विरघळायचं. आणि घरात एखादे नाना, मामा, आजोबा असे असतील ज्यांनी ते विमान खरं पाहिलंय, तर रंगवण्याआधी त्यांना नक्की विचारा. आमचे नाना पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे आहेत. एफएलचं किट मागवलंय, पाठ बरोबर जमली का ते तेच सांगतील.